टाकी म्हणून वाचलेला रणगाडा

अक्का गेल्याचं मला जळगावात कळलं. मेहरूणच्या एका भिंतीवर मी पत्रकं चिकटवत होते, हात खळीनं माखलेले, आणि धुळ्याहून आलेला मामा रस्त्यातूनच म्हणाला, "देवपूरच्या अक्का गेल्या गं काल." मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. पेपरात चार ओळी आल्या: निवृत्त शिक्षिका, मनमिळाऊ स्वभाव. मनमिळाऊ! साहेबांच्या टेबलावर छत्री आपटणारी बाई मनमिळाऊ? ज्यानं हे छापलं त्यानं अक्कांना पाहिलंच नव्हतं. म्हणून महिनाभरानं का होईना, मी लिहिते आहे.

अक्का आम्हाला शाळेत इतिहास शिकवायच्या. त्यांचा धाकटा भाऊ दुसऱ्या महायुद्धात रणगाडा चालवायचा. वाळवंटात गेला तो गेलाच. ना अस्थी आल्या, ना टोपी. अक्का त्याच्याविषयी फार बोलत नसत. मात्र विलायतेत पहिले रणगाडे छपराखाली, तेलपाणी करून, संग्रहालयात जपून ठेवलेत, हे त्या प्रत्येक वर्गाला सांगायच्या आणि विचारायच्या, "आपली पोरं ज्यात जळाली, ते आपण भंगारात का घालायचं?" शाळेच्या आवारात एक तरी रणगाडा उभा करायचाच, या हट्टानं त्यांनी लष्कराकडे अर्जांवर अर्ज केले. शेवटी एक मोडका, इंजिन काढून घेतलेला रणगाडा मंजूर झाला.

तो आला नेमका दुष्काळाच्या साली. पांझरा नदीच्या पात्रात वाळू उडत होती. भुसावळहून 'टँक' निघाल्याची बातमी गावभर झाली आणि देवपूरच्या बाया हंडे-कळशा घेऊन रस्त्यावर रांगेत बसल्या. मीही होते, पाण्याच्या मागणीची पत्रकं वाटत. ट्रेलर थांबला, ताडपत्री निघाली… आणि आतून तोफ बाहेर डोकावली. "हाई टाकी शे का काय शे?" रांगेतली गंगाबाई ओरडली. "यामा पानी कुठे शे वं?" माझंही डोकं फिरलं. लोक तहानेनं मरताहेत आणि हे लोखंड पाठवतात! मी अक्कांनाच जाब विचारला. त्या चिडल्या नाहीत. ट्रेलरवर चढल्या आणि म्हणाल्या, "बायांनो, ही फसवणूक जुनी आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी हे यंत्र चोरून बांधलं. शत्रूला पत्ता लागू नये म्हणून पाण्याच्या टाक्या बांधतोय असं सांगितलं, तेच 'टँक' नाव चिकटलं. तेव्हा शत्रू फसला, आज तुम्ही फसलात." गंगाबाई म्हणाली, "शत्रूले तहान नसंल लागेल, अक्का!" हशा पिकला. सगळ्यांत आधी अक्काच हसल्या.

पण खरे फसले ते कचेरीतले शहाणे. इंग्रजी कागदावरचा 'टँक' वाचून त्यांनी नोंद पाणीखात्याकडे धाडली. वर्षभरात शेरा आला: जुनी टाकी, निकामी, तोडून विकावी. गॅसवर लोखंड कापणारी माणसं शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. टाकी नाही, रणगाडा आहे असं ओरडत कचेरीत जायचं, असं मी ठरवलं. पत्रकाचा मजकूरही तयार होता. अक्कांनी तो वाचला आणि फाडला. "वेडी आहेस का? लिहू दे त्यांना टाकी."

दुसऱ्या दिवशी रणगाड्याभोवती बायांचा गराडा पडला, प्रत्येकीपुढे रिकामा हंडा. पाणीखात्याचे साहेब धावत आले. अक्कांनी त्यांना ऐकवलं, "दुष्काळात सार्वजनिक टाकी तोडताय? आधी दुसरी बांधा, मग हिला हात लावा."

"अहो अक्का, ही टाकी नाही हे तुम्हाला ठाऊक आहे!"

"मला ठाऊक आहे. तुमच्या कागदाला कुठे ठाऊक आहे?"

चूक कबूल करावी तर नाचक्की, आणि तोडावी तर गाठ बायांशी! कापणारी माणसं परत गेली. अक्का तेवढ्यावर थांबल्या नाहीत. कचेरीत जाऊन छत्री आपटत राहिल्या, तेव्हा देवपूरला खरी टाकी मिळाली. असली लढाई कुठल्या सेनापतीनं जिंकली असेल तर मला दाखवा.

मग रणगाड्यावर पत्र्याचं छप्पर आलं आणि 'संग्रहालय' अशी पाटीही आली. वस्तू एकच. दर शनिवारी शाळा सुटली की अक्का जुन्या लुगड्याचा फडका तेलात बुडवून तो पुसायच्या, चालक जिथून आत उतरतो त्या झडपेपासून सुरुवात करून. तिथं हात जरा रेंगाळायचा… एकदा एवढंच म्हणाल्या, "त्याला जागा नाही मिळाली. याला मिळाली."

गेल्या शनिवारी मी गेले. मनात धाकधूक होती, आता याला वाली कोण? गंज चढला असेल, झडप अडकली असेल. झडपेत हात घातला. फडका तिथंच होता, आणि तेलानं ओला. तेवढ्यात मागून गंगाबाई आली, डोक्यावर भरलेला हंडा, हातात तेलाची बाटली. मी आधी फडक्याकडे, मग बाटलीकडे बघितलं. ती म्हणाली, "अशी काय दखस वं? शनवार शे ना आज."