कापल्याशिवाय कळत नाही
आमचे हे कत्तलखान्यात. मी एकदाच आत गेले होते, डबा द्यायला. थंडगार हॉल, वर हुकांना टांगलेली ऊन-ऊन जनावरं आणि सगळीकडे नुसती वाफ. कुणा कामगाराचे पाय तेवढे दिसत होते, कुणाचं डोकं. त्या वाफेत हे डोळे मिटून फुप्फुसं चाचपत उभे. क्षयाची गाठ हाताला लागली की ते जनावर बाजूला. पास-नापास करतात म्हणून सगळे ह्यांना मास्तर म्हणतात. मला मात्र ते झोपेत चालणारे वाटले. हाक मारायचा धीरच झाला नाही.

यंदा तिथल्या सगळ्यांची क्षयाची तपासणी झाली. ह्यांच्या हातावर टोचलेली जागा टम्म फुगली. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली आणि म्हणाल्या, "मास्तर, जंतू शरीरात आहेत, पण गप्प पडून आहेत. आजार झालेला नाही. तुमच्यापासून कुणालाही लागण होणार नाही. पुढे त्रास नको म्हणून गोळ्या तेवढ्या घ्या."

हे म्हणाले, "कापल्याशिवाय आतलं कसं कळणार?"

कप्पाळ माझं!

गोळ्या निमूट घेतात, पण अंथरूण गॅलरीत नेलं. पाय न वाजवता चालायचे, कुजबुजत बोलायचे. घर कसं पाण्याखाली गेल्यासारखं झालं. त्यातच लेक आली, तान्ही नात घेऊन. हे दारातूनच बघायचे. नात रडली की तिकडे उभ्या उभ्या हवेतच थोपटायचे. जवळ येतील तर शपथ! वर मला बजावलेलं, लेकीला सांगायचं नाही, पोर घाबरेल.

जायच्या आदल्या दुपारी कपडे भरता भरता लेक म्हणाली, "आई, बाबांना मुलगी झालेली आवडली नाही का गं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चुलीत गेलं ते बजावणं! सगळं सांगून टाकलं. ती आधी रडली, मग हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "डॉक्टरीणबाई नक्की म्हणाल्या ना?"

"दोनदा म्हणाल्या. ह्यांच्याच डोक्यात शिरत नाही."

गॅलरीत पडद्यातून गाळलेलं ऊन पडलं होतं. धूळ त्यात सावकाश तरंगत होती. हे उताणे झोपलेले. लेकीने नातीला अलगद त्यांच्या छातीवर ठेवलं. झोपेतच ह्यांचा हात आपसूक तिच्या पाठीवर आला. चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं, की वाटलं, जागे होऊच नयेत.

पण झाले. आणि नात दिसताच श्वासच रोखून धरला. चेहरा लालबुंद.

"अहो, श्वास घ्या! जीव जाईल!" मी ओरडले.

"बाबा, आईने सांगितलंय मला सगळं," लेक म्हणाली. "मीच ठेवलंय तिला."

हे लेकीकडे बघत राहिले. शेवटी श्वास सुटलाच. नातीचं जावळ भुरभुरलं. तिने तोंड वळवलं, नाक ह्यांच्या गळ्यात खुपसलं. मग हे ढसाढसा रडायला लागले आणि नात त्या हुंदक्यांवर वरखाली होत गाढ झोपून राहिली.