घाटातला टेम्पो

परभणीत पंक्चरच्या दुकानासमोरून जाताना रबर सोल्युशनचा वास आला, की मला खंडाळ्याचा घाट आठवतो. वालूरचे आम्ही दोघं मित्र, सेलूच्या रस्त्यावर वर्षभर सराव करून, मुंबई-पुणे सायकल शर्यतीचा रस्ता हौसेनं पार करायला गेलो होतो. घाटात ऊन तापलं, डांबर टायरला चिकटायला लागलं आणि मित्राच्या पायात गोळे आले. "तू हो पुढं, मी येतो हळूहळू," तो म्हणाला. मी धापा टाकत माथ्यावर पोचलो, तर मघाशी मला मागं टाकून गेलेल्या टेम्पोतून तो सायकल उतरवत होता. "गावात सांगू नको रे, लय हसतील," त्यानं माझा हात धरून विनवलं, आणि मी शब्द दिला. गावी महादेवाच्या मंदिरात आमचा सत्कार झाला. मित्र बोलायला उभा राहिला. "घाटात ह्यो दमला, टेम्पोत बसला. पण म्या सायकल सोडली न्हाई," तो म्हणाला, आणि सगळं मंदिर हसलं. मी त्याच्याकडं पाहत राहिलो. त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही. घरी येताना वडिलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दमतो माणूस. त्यात लाजायचं काय?" तेव्हाही मी दिलेला शब्द पाळला. वडील आता नाहीत. तो घाट मी सायकलवरच चढलो होतो, हे माझ्याशिवाय फक्त एकाच माणसाला माहीत आहे, आणि तो आजही भेटला की चार लोकांत तीच गोष्ट हसत हसत सांगतो.