देव्हाऱ्यातला डबा

निपाणीच्या ज्या महाविद्यालयात मी कविता शिकवत असे, तिथे कवितेचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माझं वजन इतकं वाढलं होतं की मी जिना चढून वर पोहोचले तरी माझा श्वास मागे पायऱ्यांवरच रेंगाळत असे. ओवी वाचायला घ्यावी, तर ती दुसऱ्याच चरणात तुटे. मुली समंजस होत्या. मी आत आले की माझी धाप ओसरेपर्यंत त्या माना खाली घालून पुस्तकात पाहत राहत. प्राचार्यांची सहानुभूती अधिक व्यवहारी होती. पुढच्या सत्रापासून तुम्हाला खालच्या मजल्यावर व्याकरणाचे तास देऊ, असं त्यांनी सुचवलं. कविता वर राहणार होती आणि मी खाली.

बेळगावच्या डॉक्टरांनी दिलेला उपाय पत्र्याच्या डब्यात होता. सकाळ-संध्याकाळ जेवणाऐवजी त्यातली भुकटी साय काढलेल्या दुधात ढवळून प्यायची. दुपारी मात्र एक भाकरी आणि पालेभाजी. भुकटीला व्हॅनिलाचा वास होता, पण फार दूरच्या नात्यातला. चव भिजलेल्या पुठ्ठ्याची. निश्चय टिकावा म्हणून लग्नातला ब्लाउज डोळ्यांसमोर खुंटीला टांग, असं एका मैत्रिणीने सांगितलं. टांगला. पण संध्याकाळी शेजारी मिरच्या-लसूण भाजल्याचा वास भिंत ओलांडून आला की तो ब्लाउज मला परक्या बाईचा वाटू लागे. कुणी बेळगावहून कुंदा आणला तर नाही म्हणणं असभ्यपणाचं ठरे, आणि सभ्यतेत मी कधी कमी पडले नव्हते. डॉक्टरांच्या काट्याला मात्र सभ्यता ठाऊक नव्हती.

मग एकदा सासूबाईंनी माझ्या पेल्याकडे नीट पाहिलं. सून एक वेळ जेवते, दोन वेळा दुधावर राहते, याचा त्यांच्या लेखी एकच अर्थ होता.

“कुठल्या देवाचं गं हे?”

“डॉक्टरांनी सांगितलंय, आत्याबाई.”

“सांगणारा कोण का असंना. देव कुठला?”

मी पेला तोंडाला लावला. ज्या व्रतात देवाचं नावही उच्चारायचं नाही ते केवढं कडक असेल, हे त्यांनी मनाशी ठरवलं आणि दुपारपर्यंत गल्लीला कळवलं. त्या दिवसापासून मला कुणी चहासुद्धा विचारेना. कुंद्याची वाटी माझ्यासमोरून अदबीने पुढे जाऊ लागली. जे ब्लाउजला जमलं नाही ते गल्लीने सहज करून दाखवलं.

अडचण एवढीच, की व्रत म्हटल्यावर सासूबाईंनी फराळाची बाजूही मनापासून सांभाळली. पेल्यासोबत साबुदाण्याचे वडे येऊ लागले, मग शेंगदाण्याची आमटी, मग तुपात परतलेली रताळी. ह्यानं मोडत न्हाय, असं त्या म्हणत, आणि शास्त्रापुढे मी नमत असे. महिनाअखेरीस डॉक्टरांचा काटा उलट वर सरकला. परतीच्या बसमध्ये मला खालच्या मजल्यावरची ती अंधारी खोली आणि फळ्यावरचे विभक्तीचे तक्ते दिसू लागले. घरी येताच मी सांगितलं, “आत्याबाई, हे निरंकार आहे. फराळसुद्धा चालत नाही.”

सासूबाईंनी डबा दोन्ही हातांनी उचलला, त्याच्या झाकणाला हळद-कुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या शेजारी ठेवला.

“आता मोडू नगंस बाई. घराला बाधतंय.”

अंघोळ केल्याशिवाय त्या डब्याला हात लावता येईना. धुपाचा वास भुकटीत मुरला आणि तिची चव थोडी सुसह्य झाली. माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. पण घराला बाधण्याचा धोका पत्करावा, इतका अविश्वासही नव्हता. डॉक्टर माझ्या चिकाटीचं कौतुक करू लागले. मीही ते विज्ञानाच्या वतीने स्वीकारत राहिले.

सत्र संपता संपता काटा हवा तेवढा खाली आला आणि डॉक्टरांनी डबा बंद करायला सांगितलं. सासूबाईंनी अर्थातच उद्यापन मांडलं. गल्लीतल्या सवाष्णी जेवायला आल्या; पुरण शिजल्याचा गोड, जड दरवळ गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. पानं वाढण्याआधी उरलेली भुकटी दुधात कालवून तीर्थ म्हणून प्रत्येकीच्या तळहातावर दिली गेली. सगळ्यांनी ती डोळे मिटून घेतली. शेजारच्या आक्कांनी ते बराच वेळ उघडले नाहीत. मग पदराने ओठ टिपत त्या म्हणाल्या, “देव लई कडक हाय गं तुझा.”

व्रत करणारीने आधी जेवायचं नाही, आणि जेवायला बसल्यावर उणं राहायचं नाही. मी दोन्ही नियम पाळले. रिकाम्या डब्यात सासूबाई पुढे वाती ठेवू लागल्या.

नव्या सत्राच्या पहिल्या तासाला वखारींवरून तंबाखूचा उग्र वास येत होता. प्राचार्यांनी व्याकरणाचा विषय पुन्हा काढला नव्हता. मी जिना चढले, वर्गात शिरले, पुस्तक उघडलं. मुलींनी सवयीने माना खाली घातल्या. मी ओवी एका दमात शेवटपर्यंत वाचली, तेव्हा त्या माना अजून खालीच होत्या.