कंपनीचा फ्लॅश

महाडच्या बाजारात भाजी आणायलाही आमच्यातला एक फोटोग्राफर कॅमेऱ्याची बॅग खांद्याला अडकवूनच जातो. आम्हा लग्नाचे फोटो काढणाऱ्यांपैकी कुणी भेटला की त्याचं एकच सांगणं. "फ्लॅश कॅमेऱ्याच्या कंपनीचाच घे रे. दुसऱ्याचं काय खरं नाय." माझा फ्लॅश दुसऱ्या कंपनीचा, म्हणून हा माणूस दिसला की मी फ्लॅश बॅगेत लपवायचो.

पोलादपूरच्या एका लग्नात तो पाहुणा होता. नवरानवरीनं हार उचलले आणि माझा फ्लॅश बंद पडला. तो पुढं आला, त्यानं स्वतःचा फ्लॅश माझ्या कॅमेऱ्यावर चढवला. फोटो मिळाले, माझा जीव भांड्यात पडला.

परत देताना फ्लॅशवरचं कंपनीच्या नावाचं स्टिकर सुटलं. खाली माझ्याच फ्लॅशच्या कंपनीचं नाव होतं. त्यानं स्टिकर अंगठ्यानं दाबून बसवलं.

"अजून एक स्टिकर हाय," तो म्हणाला. "तुला देऊ?"