उडीला कुणी हात लावला?

नवा गेम हातात आला की कावेरी पुढं जायचीच नाही. आम्ही सगळे पहिली लेव्हल कधी एकदा संपते म्हणून धावत सुटायचो. ती मात्र जिथं उभी केली असेल तिथंच उभी राहून उड्या मारत बसायची. पाच, दहा, पंचवीस. एकदा बटण हलकेच टेकवून, एकदा दाबून धरून, एकदा खाली येता येता. मग फोन टेबलावर ठेवून निकाल सांगायची, "उडी चांगली हाय. आता बाकीचं बघू," किंवा "उडीच बेकार हाय. बाकीचं बघायची गरज नाय."

पुंडलिकनगरात एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर आमची गेमची छोटीशी कंपनी होती. मालक जगताप सर, मी प्रोग्रामर, चित्रं काढणारे दोघं जण आणि टेस्टिंगला कावेरी. दिवसभर गेम खेळायचा आणि चुका वहीत लिहायच्या, एवढंच तिचं काम. सिल्लोडकडच्या एका खेड्यातली, शेळ्यामेंढ्यांच्या घरातली मुलगी. बी.एस्सी. अर्धवट सोडून मामाकडे शहरात आलेली. मुलाखतीत सरांनी विचारलं होतं, "गेममधलं काय कळतं तुला?" ती म्हणाली होती, "खेळताना राग कामून येतो, ते कळतं."

तेव्हा आम्ही एक उड्या मारायचा गेम करत होतो. एक चौकोनी टोपीवाला माणूस खड्ड्यांवरून, भिंतींवरून उड्या मारत जायचा. कावेरीनं आठवडाभर तो खेळला आणि म्हणाली, "ह्याला उडी मारायची हौसच नाय. ह्याच्या जागी करडू घ्या. करडाला कुणी सांगावं लागत नाय." चित्रकारांनी गंमत म्हणून पांढऱ्या ठिपक्यांचं एक करडू काढलं आणि गेमचा जीव बदलला. त्याचं नावच 'करडू' झालं. पुढं एका समारंभात सरांनी स्टेजवरून सांगितलं की ही कल्पना त्यांना लहानपणी आजोळच्या शेतात सुचली. कावेरी माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती. तिनं सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

कोड मी लिहायचो, पण गेम तिनं घडवला, हे आज कबूल करायला मला काही वाटत नाही. तेव्हा वाटायचं. माझ्या खुर्चीमागं उभी राहून ती सांगायची, "दादा, करडाचा खूर कडेवरून सुटला ना, तरी पापणी लवंपर्यंत उडी मारू द्या. माणसाला वाटलं पाहिजे, थोडक्यात वाचलो. आपण वाचवलं, हे त्याला कळू द्यायचं नाय." मी म्हणायचो, "अगं, हे नियमात बसत नाही. पाय सुटला म्हणजे पडला." ती म्हणायची, "नियम तुमच्या कोडात राहू द्या. त्याच्या बोटात दुसराच नियम असतो."

खड्ड्यांचंही तसंच. पहिला खड्डा उथळ ठेवायचा, पडलं तरी चढून वर येता येईल असा. लगेच पुढं तेवढ्याच रुंदीचा, पण खोल. कुठं पाटी नाही, सूचना नाही. खेळणाऱ्याला आपोआप समजायचं की हा आपल्याला जमतो. पडल्यावर पुन्हा उभं राहायला डोळा मिटून उघडण्याएवढाच वेळ लागला पाहिजे, यावर ती अडून बसायची. पण तिचा सगळ्यात मोठा हट्ट वेगळाच होता. "पडला तर त्याला कळलं पाहिजे की चूक आपलीच झाली. मग तो हसतो अन् परत खेळतो. चूक गेमची असली ना, तर तो शिवी देतो अन् जातो. अन् चूक गेमची असून त्याला आपली वाटली, तर ते पाप."

'करडू' गावोगाव खेळला गेला. रिक्षावाले सवारीची वाट बघत खेळायचे. दुसऱ्या भागाच्या वेळी मी नवी, उंच, झोकदार उडी तयार केली. महिनाभर खपलो होतो तिच्यावर. कावेरीनं ती दहा वेळा मारून पाहिली आणि म्हणाली, "छान हाय. पण काढून टाका. जमीन बदला, दादा, उडी बदलू नका. लोकांच्या अंगात बसलीय ती. माणूस वर्षानं घरी आला अन् उंबराच उंच करून ठेवलेला, तर ठेचकाळंल का नाय?" सर तिच्या बाजूनं बोलले. मी ती उडी काढली. दुसरा भाग पहिल्यापेक्षा जास्त चालला. श्रेयनामावलीत डिझाइनपुढं सरांचं आणि माझं नाव होतं. तिचं नाव टेस्टिंगखाली, सगळ्यात शेवटी. मी ते बदलून घेऊ शकलो असतो.

प्रत्येक लेव्हल ती आधी गावी नेऊन वडिलांना खेळायला द्यायची. अण्णांना अक्षरओळख नव्हती. जन्म शेळ्यांमागं गेलेला. पण बाजेवर बसून, फोन दोन्ही हातांत धरून ते करडाला असं पळवायचे की गावातली कॉलेजची मुलं बघत बसायची. एकदा ती त्यांना ऑफिसात घेऊन आली होती. माझ्या स्क्रीनवरच्या करडाकडे बघून ते म्हणाले, "उडी मारायच्या आधी मान थोडी खाली घेतं बघा करडू. हे नाय घेत." आम्ही दुसऱ्या दिवशी त्याची मान खाली घेतली. कावेरी म्हणायची, "अण्णांना जमलं तर जगाला जमलं."

तिसऱ्या भागाच्या वेळी सरांचं बोलणं बदललं. लोक खेळतात, पण पडत नाहीत. मग जाहिरात दाखवायची कधी? पडलेल्या करडाला उठवायचं तर आधी जाहिरात बघावी लागेल, असं ठरलं. मग पडणं वाढवायचं कसं? कावेरीला खड्डे रुंद करायला सांगितलं तर तिनं स्पष्ट नकार दिला. तेव्हा सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "अरे, खड्ड्यांना हात नको लावू. उडीच जरा कमी कर. दहाव्या लेव्हलनंतर. कुणाला कळणार आहे? आणि हिला सांगू नकोस, उगाच तमाशा करील."

मी उडी कमी केली. एका आकड्याचा तर बदल. तो पापणी लवण्याएवढा वेळही काढून टाकला. नोकरीच्या भीतीनं केलं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण त्या दिवशी तो आकडा बदलताना मला बरं वाटलं होतं, हेही खरं आहे. टेस्टिंगच्या मुलीनं माझी उडी काढायला लावली होती.

कावेरीनं अकरावी लेव्हल उघडली, नेहमीसारखी जागच्या जागी उडी मारली आणि मान वर केली.

"उडीला कुणी हात लावला?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "दादा?"

"कोड तोच आहे," मी म्हणालो. "तुलाच आत्ता चिकनगुनिया होऊन गेला ना. सांधे धरतात म्हणे नंतर. हात जड झाला असेल."

तिनं आपल्या बोटांकडे पाहिलं. आणि माझ्यावर विश्वास ठेवला.

पुढचे आठ दिवस मी जे पाहिलं ते विसरता येत नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ती अकरावी लेव्हल खेळायची. करडू पडायचं, ती अंगठा चोळायची, पुन्हा खेळायची. गरम पाण्यात बोटं बुडवून शेकायची. डॉक्टरांना दाखवून आली; ते म्हणाले, सगळं ठीक आहे. "त्यांना काय कळतंय," ती मला म्हणाली, "माझा हातच गेलाय, दादा. आता मी कशाची टेस्टिंग करू?" मी म्हणालो, "होईल बरा. धीर धर."

रविवारी ती गावी गेली. सोमवारी आली ती थेट कामाला लागली. खिडकीत उजेडाला दोन फोन शेजारी शेजारी मांडले, एकात दुसरा भाग, एकात तिसरा. वर गजाला तिसरा फोन टेकवून दोन्हींचं शूटिंग केलं आणि अगदी हळू करून बघितलं. मग माझ्या टेबलापाशी आली. व्हिडिओत दोन्ही करडं एकाच वेळी, सारख्याच रुंदीच्या खड्ड्यांवरून उडाली. एक काठावर टेकलं. दुसरं नखभर आधीच खाली गेलं.

"सरांनी सांगितलं होतं," मी म्हणालो.

"केलं कुणी, ते विचारते."

"मी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "मला फसवलं, ते जाऊ द्या," ती म्हणाली. "काल अण्णा खेळले. सतरा वेळा पडले. मग फोन माझ्या हातात दिला अन् म्हणले, माझ्याच्यानं आता व्हत नाय, पोरी, हात थकले. मी काय म्हणले माहितीय? म्हणले, व्हय अण्णा, वयानं व्हतं असं. तुम्ही मला जे सांगितलं, तेच मी त्यांना सांगितलं."

त्याच दुपारी ती गेली. सर म्हणाले, "गेली तर गेली, टेस्टर ढिगानं मिळतात." तिसऱ्या भागाच्या श्रेयनामावलीत तिचं नाव शेवटीही नव्हतं. दोन-तीन महिने जाहिराती धडाक्यात चालल्या. मग लोक गेम काढून टाकू लागले. आधीच्या दोन्हींत मजा होती, यात काय बिघडलंय ते कळत नाही, असं पुन्हा पुन्हा लिहून यायचं. उत्तरं द्यायचं काम माझ्याकडे होतं. 'आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत,' असं मी प्रत्येकाला लिहायचो. वर्षाच्या आत सरांनी कंपनी बंद केली आणि प्लॉटिंगच्या धंद्यात उतरले. मी आता दवाखान्यांना लागणारी सॉफ्टवेअर करतो. तिथं कुणाला मजा यावी अशी अपेक्षा नसते.

मागच्या उन्हाळ्यात कामानिमित्त शेंद्र्याच्या कारखान्यांच्याही पुढं गेलो होतो. परतताना करमाडच्या थांब्यावर कावेरी दिसली. गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र, खांद्याला डब्याची पिशवी. सुटे भाग तपासायच्या खात्यात आहे म्हणाली. मी अण्णांबद्दल विचारलं.

"गेले. ह्या थंडीत."

तरी मी विचारलं, "त्यांना सांगितलं होतंस का? हात ठीक होते म्हणून?"

"सांगितलं की. दोन्ही फोन नेऊन दाखवले. व्हिडिओ दाखवला. म्हणले, अण्णा, तुमचा हात लई चांगला हाय, गेमच खोटा केला व्हता. हसले. म्हणले, पोरी, माझं मन राखायला कशाला खोटं बोलती." ती रस्त्याकडे बघत होती. "परत कधी फोन हातात घेतला नाय. शेळीचं दूध काढायचं पण सोडलं. आईला म्हणायचे, तूच काढ, माझा हात धड राहिला नाय."

मी तोंड उघडलं.

"माफी मागू नका, दादा," ती म्हणाली. "तुम्ही मागितली की मला काहीतरी म्हणावं लागंल."

कारखान्याची बस आली. तिनं पिशवी सावरली, दारातल्या बायकांना वाट करून दिली आणि सगळ्यांच्या मागून चढली. मी बस सुटेपर्यंत थांबलो. ती पलीकडच्या बाजूला बसली होती.