परत न मिळालेली फी

आमच्या परचेस सेक्शनचे किस्से सांगायला बसलं की एकातून दुसरा निघतो आणि डब्यातली पोळी गार होते. पंचवीस वर्षं एकाच टेबलावर डबा खाणारे आम्ही तीन मराठी: कुलकर्णी, नागपूरचा वानखेडे आणि मी. तिघांचेही कारखान्याचे क्वार्टर तेव्हा इथेच, भोपाळच्या पिपलानीत. काम दिवसभर एकच, कारखान्यासाठी वस्तू विकत घेणं. साधे नटबोल्ट असले तरी टेंडर काढायचं, तीन पार्ट्यांचे भाव मागवायचे, तक्ता करायचा. सगळ्यात कमी भाव ज्याचा तो एल-वन, आणि ऑर्डर त्याला!

ही सवय संध्याकाळी गेटवर ठेवून येता येत नाही. त्यामुळे झालेले बरेच किस्से हसण्यासारखे आहेत. एक नाही, आणि तो माझ्यामुळे झाला.

*

आधी हसण्यासारखे. कुलकर्णीने मुलाच्या मुंजीला तीन केटरर्सकडून बंद पाकिटात भाव मागवले. पाकिटं उघडताना साक्षीदार म्हणून आम्हा दोघांना घरी बोलावलं, चहा दिला आणि सह्या घेतल्या.

जो एल-वन निघाला त्याने आयुष्यात पुरणपोळी केली नव्हती. मुंजीच्या पंगतीत वाढली गेली ती चणाडाळीची तिखट कचोरी. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. कुलकर्णी मात्र शांतपणे म्हणाला, "आपण 'डाळ भरलेली' एवढंच लिहिलं होतं. स्पेसिफिकेशन आपलं चुकलं, पार्टीचं नाही."

*

मीही काही कमी नाही. बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात हिने मला मेथी आणायला पाठवलं. मी नियमाप्रमाणे तीन ठिकाणी भाव विचारला, मनातल्या मनात तक्ता केला आणि एल-वन निघालेल्या पहिल्याकडे परत गेलो. तोवर त्याची मेथी संपली होती. दुसरीकडे जायचं तर मन होईना, कारण तो एल-टू. रिकामी पिशवी घेऊन घरी आलो आणि आठवडाभर ऐकून घेतलं.

*

आता वानखेडेचं. त्याच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. निवृत्त झालं की क्वार्टर सोडावं लागतं, ही धास्ती आमच्याकडे प्रत्येक घरात असते. वानखेडे वहिनींनी जवळच्याच सोनागिरीत एक घर हेरलं होतं. दोन खोल्या, मागे थोडी जागा. तीस वर्षांत तीन क्वार्टर बदललेल्या त्या बाईंना आता कोणाच्या परवानगीशिवाय भिंतीत खिळा ठोकायचा होता. एवढीच त्यांची हौस होती.

घरमालक तिवारीजींना बयाणा दिला. एका बँकेत होम लोनचा अर्ज केला. प्रोसेसिंग फी भरली, वकिलाने कागद तपासले, घराची किंमत काढणारा माणूस येऊन गेला, त्या सगळ्यांचे पैसे भरले. लोन मंजूर झालं. वानखेडेने टेबलावर पेढे ठेवले.

पेढा तोंडात असताना मी व्याजाचा दर विचारला.

*

दुसऱ्या दिवशी मी तक्ता करून आणला. दोन बँका, एक होम लोन कंपनी, नऊ रकाने. वानखेडेची बँक एल-टू निघाली! त्या कंपनीचा दर पाव टक्का कमी होता. मी त्या ओळीखाली लाल रेघ मारली.

वानखेडेने त्या लाल रेघेवर बोट ठेवलं. म्हणाला, "पण तिथं फी भरून बसलो ना मी. तिचं काय?"

आमच्याकडे टेंडर भरताना प्रत्येक पार्टी ईएमडी म्हणून थोडी रक्कम ठेवते. ऑर्डर एकालाच मिळते, बाकीच्यांना आम्ही ती परत पाठवतो. पंचवीस वर्षं मी स्वतः ते कागद काढले आहेत. त्याच अधिकाराने मी त्याला सांगितलं की व्यवहार झाला नाही तर पैसे परत करावेच लागतात, नियम आहे.

"तू म्हणून राहिला तर बरोबरच असेल," वानखेडे म्हणाला आणि मंजूर झालेलं लोन सोडून त्या कंपनीत अर्ज केला. तिथली फी वेगळी, वकील वेगळा.

*

पहिल्या बँकेत पैसे मागायला आम्ही दोघं गेलो. मी रीतसर अर्ज टाइप केला होता, विषय आणि संदर्भ घालून. काउंटरवरच्या मुलीने तो दोनदा वाचला आणि नम्रपणे विचारलं, "सर, ये ईएमडी क्या होता है?"

मी समजावलं. तिने वानखेडेचाच फॉर्म काढून आमच्यासमोर ठेवला. फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही, असं तिथे स्वच्छ छापलेलं होतं, आणि खाली वानखेडेची सही. ती म्हणाली, "आप लोग तो परचेस में हैं ना सर? मुझे लगा पढ़ा होगा."

दुसऱ्यांच्या अटींवर लाल पेनाने खुणा करण्यात आमचा जन्म गेला. बाहेर आल्यावर वानखेडे स्कूटरला किक मारत एवढंच म्हणाला, "जाऊ दे, फीच गेली ना." त्याने मला एक शब्द बोलायला हवा होता. मला हलकं वाटलं असतं.

*

पण फीवर भागलं नाही. दुसऱ्या कंपनीच्या वकिलाला तिवारीजींच्या वडिलांच्या वेळचं मूळ खरेदीखत हवं होतं. पहिल्या वकिलाचं नकलेवर भागलं होतं, पण याला ते चालेना. तिवारीजी ते आणायला गावी भावांकडे गेले, तिथे आठवडे गेले. बयाण्याच्या करारात लिहिलेली मुदत संपली. त्यांच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि दुसरं गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात उभं होतं. त्यांनी घर विकलं.

लोनचा अर्ज मागे घेतला. ती फीही गेली.

एका संध्याकाळी तिवारीजी स्वतः वानखेडेच्या क्वार्टरवर आले. मी तिथेच होतो. करारानुसार बयाणा ठेवून घ्यायचा त्यांना पूर्ण हक्क होता. त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बिटिया की शादी है भाईसाहब. किसी का पैसा रखकर नहीं करूँगा."

कुठलाही नियम नसताना परत आलेली रक्कम ती एकच. वहिनी चहा करायला आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

*

त्यानंतर घरांचे भाव चढले आणि वानखेडेच्या हाताबाहेर गेले. निवृत्तीच्या निरोप समारंभात त्याने छोटंसं भाषण केलं. माझ्याकडे हात करून म्हणाला, "यानं मला कधी महाग वस्तू घेऊ नाही दिली." सगळे हसले, कुलकर्णीसुद्धा. मी त्याला द्यायच्या नारळाच्या दोऱ्याची गाठ सोडवत बसलो.

आता ते भाड्याच्या घरात राहतात. घरमालकाने भिंतीत खिळे ठोकायचे नाहीत असं पहिल्याच दिवशी सांगितलं, हे मला हिच्याकडून कळलं. त्या घरी मी एकदाच गेलोय.

*

गेल्या महिन्यात एका रविवारी वानखेडे, वहिनी आणि त्यांची मुलगी माधुरी आमच्याकडे जेवायला आले; आमटी मी केली होती. माधुरी इंदूरला नोकरी करते, तिथे फ्लॅट घेतेय. जेवणं झाल्यावर वानखेडेने तिच्याकडून फाइल घेतली आणि माझ्यासमोर ठेवली.

"काका बघतील," तो मुलीला म्हणाला. "यांनी वाचल्याबिगर कुठंच सही करायची नाही. पंचवीस वर्षं हेच काम केलं यांनी."

तो मनापासून बोलत होता. मी चष्मा शोधायला लागलो.

वहिनींनी हात पुढे केला, फाइल उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले.

"भाऊजी," त्या हसून म्हणाल्या, "तुमची आमटी आज फार छान झाली होती. कशी केली, ते सांगा."