डोळ्यातल्या पाण्याएवढं मीठ

चिमूटभर मीठ जिभेवर ठेवायचं, डावा डोळा मिटायचा, आणि मग बाकी सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. शेठनीसुद्धा! खाडीवरचे बगळेही त्या वेळी गप्प असतात असं मला वाटायचं. मग तो डोळा हळूच उघडायचा आणि बहुतेक वेळा मिठागराच्या मुकादमांच्या तोंडून एकच वाक्य यायचं.

"अजून एक दिस."

म्हणजे मीठ कच्चं आहे, आज वाफ्यातून ओढायचं नाही. शेठ चडफडायचे. माणसं कामाला येऊन उभी, बैलगाड्या सांगून ठेवलेल्या! पण मुकादम तोपर्यंत बांधावरून चालायलाही लागलेले असायचे. घाईनं ओढलेलं मीठ ओलं निघतं आणि मागाहून कडवट लागतं, हे शेठनाही माहीत होतंच. म्हणून ते चडफडायचे, पण थांबायचे.

मी त्याच शेठच्या पेढीवर टायपिस्ट, पनवेलच्या बाजारात. मुकादम बाजाराच्या दिवशी गावाहून यायचे आणि काम झालं की माझ्या टेबलाशी येऊन मशीनकडे टक लावून बघायचे. "ए टकटक्या, तुजा ह्यो कोंबडा दिवसाला किती दाने टिपतो रं?" मला माझ्या नावानं त्यांनी कधी हाक मारलीच नाही. पेढीवर सगळे मला टकटक्या म्हणायला लागले ते त्यांच्यामुळे. मला आधी राग यायचा, खरंच सांगतो. आता कुणी म्हणत नाही तर चुकल्यासारखं होतं.

त्यांच्या मानेत गाठ आली, मग दुसरी आली. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात सांगितलं, कॅन्सर आहे, शिरेतून इंजेक्शनं द्यावी लागतील, तीन-तीन आठवड्यांनी, आणि मधेच सोडायची नाहीत. शेठनी मला बरोबर धाडलं, कारण माझी मावशी दादरला राहते म्हणजे मला मुंबई कळते! ही गणपतीनंतरची गोष्ट. पनवेलला रेल्वे येणार असं तेव्हा नुसतं बोलत होते. आम्ही एसटीनं, ठाण्याला वळसा घालून जायचो.

पहिल्या सुईनंतर मुकादम इस्पितळातून असे ताठ बाहेर पडले की मी म्हटलं, बघा, काही होत नाही! मुंब्र्याला खिडकीतून डोकं बाहेर काढलं ते पनवेल येईपर्यंत आत घेतलंच नाही. उलट्या, उलट्या, उलट्या. मधे एकदा तशीच मान वळवून म्हणाले, "टकटक्या, कालचा पन गेला. आता परवाचा निघंल."

दुसऱ्या खेपेला तिथल्या सिस्टरनी सुईच्या आधीच उलटीची गोळी दिली आणि समजावलं. मामा, उपाशी पोटी यायचं नाही, पण पोट फुगेपर्यंतही खायचं नाही. थोडं थोडं, दर थोड्या वेळानं, कोरडं काहीतरी. तेव्हापासून सदऱ्याच्या खिशात भाजलेले पोहे. एसटीत बसल्या बसल्या दोन-दोन दाणे तोंडात टाकायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, "आता मी कोंबडा!"

आणि वास! तुम्ही त्यांना आधी जेवताना पाहिलं असतंत ना, तर विश्वासच बसला नसता. सुकटीचा वास आला की दोन घास जास्त जेवणारा हा माणूस, आता सुकट तव्यावर पडली की घराबाहेर पळायला लागला. काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चूल घराच्या मागे नेली. पेज गार करून द्यायला लागल्या, कारण गार अन्नाला वास कमी, हेही सिस्टरनीच सांगितलेलं. मुकादम जेवायला बसायच्या आधी अंगणात बोट ओलं करून वर धरायचे. "वारा कुटला हाय?" वारा चुलीकडून असला तर ताट घेऊन सरळ बांधावर.

थांबा, मिशीचं राहिलं! केस गळणार हे सांगितलेलंच होतं. उशीवर झुबके दिसायला लागले तसे मुकादम पनवेलला न्हाव्याकडे गेले आणि म्हणाले, सगळा उतरव. डोकंही आणि मिशीही. अर्धवट गळत बसण्यापेक्षा बरं. पण गावात शिरले मात्र, आणि घोटाळा झाला. डोकं गोटा, मिशी सफा, म्हणजे सुतकच की! पहिल्याच घराच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती, तिनं डोक्यावर पदर ओढला आणि गळाच काढला. "कोन गेला रं माज्या बाला?" चार बायका आणखी धावल्या. मुकादम हात जोडून म्हणाले, "कोन नाय गेला गो आये. गेला की पयला तुला कलवतो." तरीही संध्याकाळी दोघं-तिघं भेटायला येऊन गेलेच. काकींना चहा करावा लागला.

नंतर बाजारात येणं बंद झालं. गर्दीत जायचं नाही, पाणी उकळून प्यायचं, अंगात ताप वाटला तर वाट न बघता इस्पितळात यायचं, असा सिस्टरांचा हुकूम होता. मग मीच सायकल हाणत गावी जायला लागलो. थकवा तर इतका की बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात जाणारे मुकादम, आता मधे मधे मोठे दगड आणून ठेवून त्यांच्यावर टेकत टेकत जायचे. पण जायचे! दिवसभर पडून राहिलं तर जास्त गळून जायला होतं म्हणायचे. सुईनंतरचे दिवस फारच वाईट जात. मी विचारायचो, "कसं वाटतंय मुकादम?" ते डावा डोळा मिटून स्वतःचीच चव घेतल्यासारखं करायचे. "कच्चा हाय. अजून एक दिस."

आता ऐका, सगळं फिसकटणार होतं ते इथं.

त्या खेपेला सुई देऊन झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "मामा, आता तोंड येईल. तोंड आलं की मिठाच्या पाण्यानं चूळ भरायची. पाणी कोमट घ्यायचं आणि मीठ..."

मुकादमांनी हात वर केला. "बाय, मिठाचा मना नको सांगू. मी मिठातच जन्मलोय."

सिस्टर हसल्या आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.

आता तुमच्या-माझ्या लेखी मिठाचं पाणी म्हणजे काय? मुकादमांच्या लेखी समुद्राचं पाणीसुद्धा साधं पाणी! मिठाचं पाणी म्हणजे मिठागराच्या शेवटच्या वाफ्यातलं, तेलासारखं जड, दोन दिवसांत ज्याचं मीठ होणार ते. तोंडात फोड आले, आतून सगळं लालभडक झालं, तसा त्यांनी तांब्याभर पाण्यात चांगलं मूठभर मीठ घातलं, ढवळलं आणि भरली चूळ.

शेजारपाजारचे धावत आले म्हणे!

मी गेलो तेव्हा ते तोंड वाकडं करून ओट्यावर बसले होते. शब्द फुटत नव्हता, तरी मला बघून बोललेच. "आदी सुई, मंग मीठ. माजी सुकट करताव का रं?" आणि मग, "मी आता जानार नाय. तुज्या शेठला सांग. बास झाला."

मी पटापट बोलत सुटलो. गाठी बसत आल्यात, मधेच सोडलं तर परत वाढतील असं डॉक्टर म्हणालेत, सुया राहिल्यात त्या थोड्याच. ते माझ्याकडे बघतच नव्हते. काकी दारात उभ्या होत्या. हातात गार पेजेची वाटी, तशीच भरलेली.  त्या वाटीकडे बघून मला पहिल्यांदा भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी पेढीच्या कामानं मुंबईला जायचंच होतं. मी इस्पितळात शिरलो, सिस्टरना गाठलं आणि चुळीचं सांगितलं.

"किती मीठ घातलं त्यांनी?"

"मूठभर."

त्यांनी आधी तोंडावर हात घेतला, मग हसल्या, मग त्यांचा चेहरा एकदम उतरला. "अरे देवा! चिमूट रे, चिमूट! डोळ्यातल्या पाण्याएवढं खारट, त्याच्यावर नाही. घ्यायचं आणि थुंकायचं, दिवसातून चार-पाच वेळा. आणि मिश्री लावतात का ते? बंद करा म्हणावं. तिखट नको, गरम नको. आणि मामांना सांग, मी वाट बघतेय."

पनवेलला एसटीतून उतरलो तो सरळ सायकलवर टांग मारून गावात. मुकादमांना सगळं एका श्वासात सांगितलं. ते खवळलेच. "डोल्यातला पानी? ता कवा चाखला मी? उब्या जन्मात रडलो नाय!"

"मी चाखलाय," काकी म्हणाल्या.

अगदी साध्या आवाजात. चहात साखर आहे का विचारावं तशा.

"गनपतीपासून रोज चाखतंय. आना तो तांब्या इकडं."

त्यांनी कोमट पाण्यात दोन बोटांची चिमूट घातली, ढवळलं, एक बोट जिभेला लावलं. आणखी थोडं पाणी ओतलं. परत बोट. मग तांब्या मुकादमांच्या पुढे धरला. मुकादम तांब्याकडे बघतच नव्हते, काकींकडे बघत होते. इतका वेळ त्यांना कुणाकडे बघताना मी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी निमूट चूळ भरली.

"झोंबला?"

"नाय."

"मंग परत भरा."

आणि पुढच्या सुईला दोघंही आले! काकी पहिल्यांदाच मुंबईला आल्या, मांडीवर भाजलेल्या पोह्यांचा डबा घेऊन. एकदा तपासणीत रक्त कमी भरलं म्हणून आठवडाभर थांबून परत जावं लागलं. पण सुया पुऱ्या झाल्या. सगळ्या.

माघात पहिलं मीठ धरलं. मुकादम बांधावर आले, डोक्याला टॉवेल गुंडाळून. शेठ होते, मी होतो, ओढणारी माणसं होती. मुकादमांनी चिमूट जिभेवर ठेवली, डोळा मिटला. आम्ही गप्प. खूप वेळ झाला. मला ठाऊक होतं, त्यांना सगळंच खिळा चघळल्यासारखं लागत होतं. मीठ, गूळ, पेज, सगळं.

डोळा उघडला. त्यांनी बायकांच्या घोळक्यात टोपली घेऊन उभ्या असलेल्या काकींना हाक मारली. "इकडं ये गो. बग जरा."

काकींनी पदराला हात पुसला, चिमूट घेतली, दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवून चाखली. "अजून एक दिस."

शेठनी तोंड उघडलं. मुकादम म्हणाले, "आयकलाव ना शेठ? अजून एक दिस."

चव परत आली ती हळूहळू. आधी गोड कळायला लागलं, आंबट त्याच्यानंतर, आणि पावसाळ्याच्या तोंडावर एके दिवशी मुकादमांनी सुकट मागून घेतली. मिशीही आली! जाताना सरळ होती, येताना कुरळी आली. ते तिला पीळ द्यायचे आणि म्हणायचे, "नवीन माल हाय." त्यानंतरच्या हंगामांना चिमूट दोघं चाखायचे आणि बांधावर उभ्या उभ्या भांडायचे. हे म्हणायचे कच्चं, त्या म्हणायच्या पिकलं. शेठ बिचारे दोघांच्या मधे!

गाठी परत आल्या त्या उशिरा, आणि मुकादम गेले ते पावसाळ्यात, मिठागरं पाण्याखाली असताना. त्यांचा एकही हंगाम बुडाला नाही.

परवा या वर्षाचं पहिलं मीठ होतं. आता पनवेलला रेल्वे आली आहे, पण मी आपला सायकलनंच गेलो. बांधावर ते टेकायचे दगड तसेच आहेत. काकी आल्या, वाकून चिमूट घेतली, जिभेवर ठेवली. आणि डावा डोळा मिटला. इतक्या वर्षांत त्यांनी असं कधीच केलं नव्हतं! आम्ही सगळे गप्प उभे. त्या मिटलेल्या डोळ्यातून एक थेंब निघाला, गालावरून खाली आला आणि ओठाच्या कडेनं आत गेला.

काकींनी डोळा उघडला. पदरानं तोंड पुसलं.

"मिसलला," त्या म्हणाल्या. "दुसरी चिमूट द्या."

शेठ स्वतः वाकले.